सुखीबाईचं कॉन्व्हेंट

आमच्या पुसदकडे कॉन्व्हेंट म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. चार खोल्या, वर टिनाचं शेड, भिंतीवर रंगवलेला हत्ती, गेटापाशी पिवळी व्हॅन अन् आत एबीसीडी, झालं कॉन्व्हेंट. सकाळी सरस्वतीची प्रार्थना होते, गणपतीत मोदक वाटतात, अन् पाटीवर ठळक अक्षरांत कॉन्व्हेंट. यात कोणाला काही वावगं वाटत नाही.

संजय आडेच्या झेरॉक्सच्या दुकानात केरळची एक सिस्टर कधीमधी ऑनलाइन फॉर्म भरायला यायची. खरीखुरी ख्रिस्ती जोगीण, गळ्यात क्रूस. दुकानाच्या काचेवर चिकटवलेल्या चार-चार कॉन्व्हेंटांच्या जाहिराती पाहून तिला हसू फुटलं. म्हणाली, आमच्यात कॉन्व्हेंट म्हणजे आम्ही राहतो तो मठ. तिथे जाताना घर सोडायचं, देवाला शब्द द्यायचा, अन् काही ठिकाणी तर वर्षानुवर्षं मौन पाळायचं. संजयनं घरी येऊन ही गंमत जेवताना सांगितली. त्याची बायको बबिता हसली, सातवीतली राखी हसली. ओट्यापाशी भाकर थापत होती ती संजयची आई सुखीबाई. ती काही हसली नाही. मौन म्हणजे काय ते तिला कोणत्या सिस्टरनं सांगायची गरज नव्हती. तिच्या मौनाला दहावं वर्ष चालू होतं.

अन् ही बाई काही जन्माची मुकी नव्हती बरं का. तांड्यात असताना सुखीबाईच्या तोंडाला लागायची कोणाची छाती नव्हती. जीभ म्हणजे कातर. अन् गळा असा, की आजूबाजूच्या पाच तांड्यांत लग्न ठरलं की आधी सुखीबाईला निरोप जायचा. बंजाऱ्यांची पोरगी सासरी निघाली की एकेकाच्या गळ्यात पडते अन् रडत रडत गाते, त्याला ढावलो म्हणतात. तो नुसता पाठ करून भागत नाही. आपल्या आईला काय म्हणायचं, भावाला काय म्हणायचं, ते शब्द ज्याचे त्यानं जुळवायचे असतात. लग्नाच्या पोरी महिनाभर आधीपासून सुखीबाईच्या अंगणात येऊन बसत, अन् ती त्यांना रडायला शिकवी. हो, रडणंही शिकावं लागतं.

राखी तीन वर्षांची झाली अन् संजयनं तांडा सोडला. पुसदच्या एका लेआउटमध्ये दोन खोल्या बांधल्या, दुकान टाकलं. नवरा-बायको दोघं दुकानात बसणार म्हणून पोरीला सांभाळायला आईला सोबत आणलं. पोरीचं नाव कॉन्व्हेंटात घालायचं होतं. तिथल्या प्रेरणा मॅडमनं आई-बापाची मुलाखत घेतली. घरी कोणती भाषा बोलता, असं विचारलं. संजय म्हणाला, गोरमाटी. मॅडमचं तोंड असं झालं, जसा दाताखाली खडा यावा.

"ते बंद करा," मॅडम म्हणाल्या. "लेकरांचा गोंधळ होतो. मराठी बोला, जमलं तर इंग्लिश. तांड्याची भाषा तांड्यात."

दुसरा कोणी असता तर त्यानं उलटून विचारलं असतं. पण संजयच्या मनात जुनी ठसठस होती. तो पहिलीत गेला तेव्हा त्याला मराठीचा एक शब्द येत नव्हता. गुरुजी त्याला उभं करायचे, काहीतरी विचारायचे, अन् त्याच्या तोंडून 'आहे'च्या जागी 'छ' निघाला की अख्खा वर्ग हसायचा. पोरगं तीन वर्षं वर्गात तोंड उघडेना. म्हणून मॅडमचं म्हणणं त्याला पटलं, अन् घरी येऊन तो म्हणाला, "याडी, राखीपुढं आपली बोली नको बोलू. माझं झालं ते तिचं मी होऊ देणार नाही."

याडी म्हणजे आई. तो तिला हे गोरमाटीतच म्हणाला, ही आणखी एक गंमत.

पोराची ती तीन वर्षं सुखीबाई विसरली नव्हती. पण तिनं जे केलं ते तिच्यासारखीच कोणी करू जाणे. लेकानं सांगितलं होतं ते एवढंच, पोरीपुढं आपली बोली नको. हिनं ते थेट देवापुढं नेलं. तांड्यात गेली, सेवालाल महाराजांच्या देवळासमोर निखारे केले, लापशी अन् तूप त्यावर सोडून भोग लावला, अन् शब्द दिला: पोरगी शिकून आपल्या पायावर उभी राहीपर्यंत तिच्यापुढं माझी बोली माझ्या तोंडात येणार नाही. आली तर तिच्या शिकण्याला माझी दृष्ट लागो. हे तिनं कोणालाच सांगितलं नाही. नवस सांगत फिरायचा नसतो.

मग काय, पुसदच्या त्या दोन खोल्यांत खरं कॉन्व्हेंट सुरू झालं. तिकडच्या कॉन्व्हेंटात पोरं दिवसभर कलकलाट करत, अन् मौन इकडे आजी पाळत होती. मराठी तिला समजायची चांगली, पण बोलायची म्हटली तर बाजारापुरती. "जेव." "ये." "पाणी पे." "झोप आता." असे आठ-दहा शब्द ती दिवसभर फिरवून फिरवून वापरायची. पोरगी मांडीवर बसून आधी "तार नाम कांई छ" म्हटलं की आपलं नाव सांगायची, टाळ्या वाजवायची. सहा महिन्यांत ती ते विसरली. सुखीबाईनं ते विसरणं दिवसादिवसानं पाहिलं, जवळ बसून. राखी शाळेत गेली की ती भांड्यांशी बोले, कपड्यांशी बोले, कुकरला शिव्या घाली. व्हॅनचा हॉर्न वाजला की गप्प.

राखी पहिलीत असेल, तिनं एकदा विचारलं, "मम्मी, आजी बोलत का नाही?"

बबिताला दुकानात जायची घाई होती. "आजीले नाही येत जास्त बोलता," ती म्हणाली अन् चप्पल घालून निघून गेली. सोपं उत्तर होतं, पोरीला पटलं. तेव्हापासून राखी आजीशी मोठ्यानं अन् सावकाश बोलायची, जसं आपण बहिऱ्याशी बोलतो. प्रेमानंच बोलायची, त्यात खोट नाही. सुखीबाईला वाटायचं, त्यापेक्षा पोरीनं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं.

असं सगळं चाललं होतं, अन् यंदाच्या फेब्रुवारीत प्रेरणा मॅडमचं वारं फिरलं. वरून नवं धोरण आलं होतं म्हणे, मातृभाषेचं. एकवीस तारखेला मातृभाषा दिन, शिक्षण खात्याचे पाहुणे येणार. प्रत्येक वर्गातल्या पोरांनी घरच्या बोलीत काहीतरी सादर करायचं, अन् आजी-आजोबांना स्टेजवर आणायचं. जी तोंडं दहा वर्षं दाबून धरली, ती आता पंधरा दिवसांत उघडून दाखवायची होती. राखीनं ते पत्रक जेवताना वाचून दाखवलं. "मी बंजारा सॉंग घेतलं आहे," ती म्हणाली. "ढावलो. मॅडम म्हणाल्या, कोणाकडेच नाही ते, तुझा पहिला नंबर."

सुखीबाईच्या हातातला घास हातातच राहिला. आजी, घरची बोली, ढावलो. तिला वाटलं, देवानंच गाठ सोडली. ज्या तोंडानं बंद करा म्हटलं त्याच तोंडानं आता बोला म्हटलं, मग शब्द मोडल्याचा दोष कोणाला? फक्त पोरीनं एकदा विचारावं. आजी, मला शिकव, एवढं म्हणावं. ती वाट पाहू लागली. आपण होऊन बोलणं तिला पटेना; देवाशी चलाखी कशी करायची?

दोन दिवसांनी बबितानं विचारलं, "आई, तुमचा फेटिया-कांचळी पेटीत हाय ना? कार्यक्रमाले लागते."

आता बोला. यापेक्षा वेगळं विचारणं काय असतं? सुखीबाईनं पेटी उघडली. फेटिया म्हणजे आरसे लावलेला घेरदार घागरा, पाठीवर नाड्यांनी बांधायची कांचळी, कवड्यांच्या झालरीची ओढणी, कानाशी लोंबायच्या चांदीच्या घुगऱ्या. तीन आरसे निखळले होते. तिनं चष्मा लावून नवे बसवले, घुगऱ्या चिंचेनं घासल्या. दुपारी घरात कोणी नसताना न्हाणीचं दार लावून गळा साफ करून पाहिला. आधी नुसता खरखराट निघाला. तिसऱ्या दिवशी सूर लागला, अन् तिची तीच न्हाणीत पाटावर बसून रडली. किती वर्षांनी तिला खुशीचं रडू आलं होतं.

कार्यक्रमाला दोन दिवस उरले, शनिवारची अर्धी शाळा होती. राखी घरी आली ती लालीबाईला घेऊन. लालीबाई कॉन्व्हेंटात मावशी होती, पोरांना व्हॅनमध्ये चढवणं-उतरवणं हे तिचं काम. सुखीबाईच्याच तांड्यातली. लग्नाआधी महिनाभर सुखीबाईच्या अंगणात बसलेल्या पोरींपैकीच ती एक. मॅडम ओरडल्या तरी नळापाशी, गेटापाशी ती बिनधास्त गोरमाटी झाडायची, म्हणून शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं की ही बाई बंजारा आहे.

लालीबाईनं आत येताच गोरमाटीत राम राम घातला. राखी समोर होती, म्हणून सुखीबाईनं नुसती मान हलवली.

"आजी, तो ड्रेस दे ना," राखी मोठ्यानं अन् सावकाश म्हणाली. "लालीमावशीला घालून बघायचा आहे. ती स्टेजवर माझी आजी होणार आहे."

सुखीबाईला आधी वाटलं, आपण मराठी चुकीची समजलो. तिनं लालीबाईकडे पाहिलं. लालीबाईनं मान खाली घातली होती.

"मी मॅडमले म्हणलं होतं, सुखीबाई असताना मी कायले," लालीबाई पुटपुटली. मग राखीकडे वळून म्हणाली, "पोरी, तुह्या आजीले विचार ना. म्या तिच्याच..."

"मावशी, आजीला नाही येत ग," राखी हळूच म्हणाली. "तिला नीट बोलताच येत नाही. स्टेजवर घाबरेल ती."

पोरीच्या आवाजात कुचेष्टा नव्हती, आजीची काळजी होती. तेच जास्त लागलं. अजूनही सुखीबाई बोलू शकत होती. एक ओळ म्हटली असती तर पोरीचं तोंड उघडंच राहिलं असतं. पण पोरीनं विचारलंच नाही ना. तिनं ड्रेस मागितला. अन् न विचारता बोललं तर शब्द मोडतो, दृष्ट पोरीला लागते. तिच्या डोक्यात हा हिशेब पक्का होता, चुकीचा असो की बरोबर. तिनं पेटीतून सगळं काढून दिलं. लालीबाईजवळ स्वतःचा फेटिया उरला नव्हता. जुनं भरतकाम घ्यायला येणाऱ्या एका व्यापाऱ्याला तिनं तो देऊन टाकला होता, त्याच्या आता कुठं पर्स झाल्या असतील. तिच्या पाठीवरच्या कांचळीच्या नाड्या सुखीबाईनंच बांधल्या. राग असा आला होता की गाठ करकचून मारली. लालीबाईनं ती तशीच राहू दिली.

रविवारी सकाळी राखी ट्यूशनला गेल्यावर संजय गच्चीवर टाकी पाहायला चढला, तशी सुखीबाई त्याच्या मागं गेली.

"तो ढावलो माझा आहे," ती त्याला आपल्या बोलीत म्हणाली. "लालीला मी शिकवला."

"मले माहीत हाय, याडी."

"मग सांग पोरीला."

संजय टाकीचं झाकण हातात धरून उभा राहिला. "काय सांगू? तुही आजी दहा वर्षं बोलली नाही कारण तुह्या बापानं तिचं तोंड बंद केलं, हे सांगू? ती मले काय म्हणन?" मग जरा नरमून म्हणाला, "दोन दिवसाचा खेळ हाय. होऊन जाऊ दे."

तो हे सगळं मराठीत बोलला. एवढ्या वर्षांत त्याचीही सवय मोडली होती.

सोमवारी शाळेच्या मैदानात मंडप होता. सुखीबाई साध्या साडीत तिसऱ्या रांगेत बसली, बबिताशेजारी. एकानं कोलामीत चार वाक्यं म्हटली, दुसऱ्यानं वऱ्हाडीत नक्कल केली, लोक हसले. मग राखीचं नाव आलं. ती लालीबाईचा हात धरून स्टेजवर आली. आरसे उन्हात चमकले तशी लोकांनी टाळ्या वाजवल्या.

राखीनं माइकसमोर कागद धरला. मॅडमनं लिहून दिलेला असावा. "हे पारंपरिक गीत मी माझ्या आजीकडून शिकले," तिनं वाचलं. "आमच्या घरात आम्ही सगळे गोरमाटीतच बोलतो. आमच्या आजीनं आम्हाला हा वारसा दिला."

मग लालीबाईनं सूर लावला. आवाज चांगला होता तिचा, खोटं कशाला बोला. पण पहिली ओळ निघाली अन् सुखीबाईनं ती ओळखली. तो बापाला म्हणायचा ढावलो होता, सुखीबाईनं स्वतःच्या लग्नात जुळवलेला. बापू, सांजेला तू ढोरं मोजशील, आज एक डोकं कमी भरेल. तू काठी घेऊन शोधायला निघू नको. हे ती सोळा वर्षांची असताना तिच्या बापाच्या गळ्यात पडून म्हणाली होती. बापानं काठी खाली टाकली होती. आता मंडपात तेच शब्द लालीबाईच्या तोंडून निघत होते, अन् राखी रिवाजाप्रमाणं तिच्या गळ्यात हात टाकून उभी होती. मॅडमनं सांगितल्यामुळं ती हसत होती. ढावलो म्हणताना हसतात का कोणी? पुढच्या दोन कडव्यांत आईला अन् वहिनीला म्हणायचं असतं, ती गाळलीच. वेळ दोन मिनिटांचा होता.

पाहुण्यांना भरून आलं. त्यांनी माइक हातात घेऊन सांगितलं की अशी घरं आहेत म्हणून बोली जिवंत आहे. प्रेरणा मॅडम म्हणाल्या, आमच्या कॉन्व्हेंटचं पहिल्यापासून हेच ब्रीद आहे. हे म्हणताना त्यांची जीभ जरासुद्धा अडखळली नाही. मग मातृभाषा जपणारे आदर्श पालक म्हणून संजय अन् बबिता आडे यांना स्टेजवर बोलावलं. बबिता पदर सावरत उठली. संजय वर गेला, मान वाकवली, त्याच्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. फोटो निघाला. फोटोत मधोमध लालीबाई होती, आजी म्हणून. संजयनं एकदाही तिसऱ्या रांगेकडे पाहिलं नाही.

सुखीबाईच्या शेजारची खुर्ची रिकामी झाली होती. ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. तिच्या मनात पहिल्यांदा आलं की देवाला दिलेला तो शब्द देवानं कधी मागितलाच नव्हता.

परत येताना संजय गाडी चालवत होता, शाल अजून खांद्यावरच. शेजारी बबिता. मागं राखी अन् सुखीबाई. राखी खूश होती. मोबाइलमधले फोटो मोठे करकरून बघत होती. "आजी, हे बघ," ती मोठ्यानं अन् सावकाश म्हणाली, "तुझा ड्रेस किती छान दिसतो."

अन् सुखीबाईनं शब्द मोडला.

ती बोलली ते गोरमाटीत. दहा वर्षांचं साचलेलं धरण फुटावं तसं बोलली. मी मुकी नाही, ती म्हणाली. मी येडी नाही, घाबरत नाही. तू माझ्या मांडीवर तुझं नाव सांगायचीस. तुझ्या बापानं सांगितलं म्हणून मी तोंड बंद केलं, तुझ्यासाठी बंद केलं, भोग लावून बंद केलं. तू तापात पडलीस तेव्हा तुला म्हणायची सगळी गाणी मी मनात म्हटली. आज स्टेजवर जे गायलं गेलं ते माझ्या बापाचं आहे. तू त्याच्यावर हसलीस. मला विचार, राखी. आता तरी मला विचार, मी तुला पहिल्यापासून शिकवते.

ती थांबली. राखी तोंड वासून आजीकडे पाहत होती. एवढं लांब बोलताना तिनं तिला कधी पाहिलं नव्हतं. पण त्यातलं 'राखी' सोडून तिला एकही अक्षर कळलं नव्हतं.

"पप्पा, आजी काय म्हणून राहिली?"

बबितानं खिडकीबाहेर तोंड फिरवलं. तिला सगळं कळलं होतं. संजयनं आरशात पाहिलं, आईच्या डोळ्यांत, अन् लगेच नजर रस्त्यावर आणली.

"काही नाही," तो म्हणाला. "कार्यक्रम मस्त झाला म्हणते. तुहं गाणं लय आवडलं तिले."

"थँक्यू, आजी," राखी म्हणाली अन् तिच्या खांद्यावर डोकं टेकवलं.

सुखीबाईनं तोंड उघडलं. "तसं नाय," ती मराठीत म्हणाली. "मी... राखी, मी..." पुढचे शब्द तिला सापडेनात. जेव, ये, झोप, पाणी पे, एवढेच तिच्याजवळ होते, अन् भाजीचे भाव. ती शोधत राहिली, तिचे ओठ हलत राहिले, अन् गालावरून पाणी वाहत राहिलं.

"पप्पा, आजी रडून राहिली," राखी घाबरून म्हणाली. "का रडते ती?"

"आनंदानं," संजय म्हणाला अन् त्यानं गिअर बदलला.